गरम नळाचं गार पाणी

१

पाणी गार होतं, आणि आत्याला त्याचा इतका आनंद झाला की ती बादलीत हात बुडवून तशीच स्टुलावर बसून राहिली.

गार म्हणजे बर्फ नव्हे, कोमटाच्या एक पायरी खाली. पण नळावर लाल ठिपका होता, वर भिंतीवर गिझर होता, त्याचं बटण चालू होतं, आणि पाणी तापलं की विझणारा त्याचा दिवा रीतसर विझलेला होता. गिझरच्या मते पाणी तापलं होतं. आत्याच्या हाताचं मत वेगळं होतं, आणि आत्या आयुष्यभर स्वतःच्या मतावर ठाम राहिलेली बाई होती.

"दादा!" तिने आतूनच हाक मारली. "अरे, पाणी गार आहे!"

दाराला अगदी चिकटून बाहेरून प्रश्न आला, "खरंच? तुलाही गार लागतंय?"

आत्याने बादलीतून हात काढला. तिचा मोठा भाऊ, लहानपणी झाडाच्या शेंड्यावर चढून तिला "घाबरट" म्हणणारा, आता आपल्याच कातडीवर विश्वास ठेवायला दुसऱ्याची साक्ष मागत होता.

गेले काही महिने दादा सांगत होता की पाणी तापत नाही. मुलगा आणि सूनबाई दुसऱ्या शहरात. ते दर वेळी यायचे, नळ सोडायचे, आणि पाणी असं कढत यायचं की एकदा सूनबाईंची बोटं भाजली. गिझरवाला आला, त्याच्यासमोरही पाणी कढत. मग हळूहळू सगळे गिझरकडे बघायचं सोडून दादाकडे बघायला लागले. फोन केला तर तो तासन्‌तास उचलत नाही. दुपारी काय करत होता विचारलं तर अडखळतो, "आठवत नाही" म्हणतो. बटण लावायला विसरत असेल आणि गिझरला बोल लावत असेल, दुसरं काय? शहराबाहेरच्या एका वृद्धनिवासात खोली बघून झाली होती. बाग आहे, डॉक्टर आहे, गरम पाणी तर चोवीस तास आहे. शनिवारी मुलगा आणि सूनबाई त्याला न्यायला येणार होते.

आणि दादाने हो म्हटलं होतं. आत्याला धडकी भरली ती त्या होकाराने. म्हणून गुरुवारी संध्याकाळी ती बॅग उचलून, कुणालाही न कळवता येऊन थडकली होती.

अंग पुसून ती बाहेर आली. दादा टॉवेल घेऊन उभा होता, डोळे खाली घालून.

"मीच बटण लावायला विसरतो, असं मला वाटायला लागलं होतं," तो म्हणाला.

"बटण मी लावलं होतं, आणि मी अजून काही विसरत नाही. तू लहानपणी माझी कंपासपेटी फोडलीस तेसुद्धा नाही." आत्याने केस झटकले. "आपल्याकडे शुक्रवारचा अख्खा दिवस आहे. हे पाणी मला कुणीतरी मुद्दाम गार केल्यासारखं वाटतंय."

दादा हसला नाही. उलट त्याचा चेहरा, एखाद्याने दार लोटावं तसा, बंद झाला.

२

आत्या निवृत्त शिक्षिका होती, पण शाळेत तिची ख्याती होती ती परीक्षेच्या वर्गातली. ती पर्यवेक्षणाला असली की पोरं कॉप्या घरीच ठेवून यायची. तिचं तंत्र सोपं होतं. बरोबर उत्तरं सगळ्यांची सारखीच असतात, त्यातून काही कळत नाही. चुकीचं उत्तर बघायचं. चूक ज्याची त्याचीच असते, आणि ती नेमकी कधी होते आणि कधी होत नाही हे बघितलं की चोर सापडतो.

शुक्रवारी सकाळी दादा फिरायला गेला आणि तिने गिझरवाल्याला फोन लावला. गिझरवाला आला तोच गाल फुगवून.

"ताई, या गिझरसाठी ही माझी तिसरी खेप. कॉइल बदलली, थर्मोस्टॅट बदलला. आता गिझरमध्ये जुनं राहिलंय ते फक्त नाव. माझ्यासमोर पाणी उकळतं, मी पाठ वळवली की काका म्हणतात गार. त्याला काय माझा धाक आहे?"

"आज उकळतंय का बघा."

त्याने नळ सोडला. हात खाली धरला, काढला, पुन्हा धरला. बादलीत पाणी साचत गेलं तसा त्याच्या गालातला फुगवटा उतरत गेला.

"हे गारच आहे की हो," तो म्हणाला.

"पहिल्यापासून गार, की आधी गरम येऊन मग गार झालं?"

"पहिल्यापासून." आता त्याला स्वतःलाच कोडं पडलं होतं. त्याने स्टूल ओढलं, वर चढला आणि गिझरमधून बाहेर पडणाऱ्या नळीला बोट लावलं. लगेच ओरडून मागे घेतलं. "इथे चटका बसतोय! टाकीतून निघताना पाणी कढत आहे."

"आणि नळात येईपर्यंत गार."

"तेवढ्या अंतरात कसं गार होईल? हातभर तर नळी आहे."

आत्याने विचारलं, "याआधी दोन्ही वेळा तुम्ही आलात, तेव्हा कळवून आला होतात?"

"अर्थात. काकांना फोन केल्याशिवाय मी येतच नाही. दोन्ही वेळा म्हणाले, आज नको, उद्या या."

"आणि आज?"

"आज तुम्ही म्हणालात तसाच निघून आलो."

म्हणजे कळवून आलं की पाणी गरम, न कळवता आलं की गार. गिझरला पाहुण्यांची आगाऊ खबर लागत होती. आत्याच्या मनात पाल चुकचुकली, कारण या घरात पाहुण्यांची खबर लागू शकेल असा माणूस एकच होता. तिला तो विचार आवडला नाही. तिने तो बाजूला ठेवला आणि आधी दुसऱ्या संशयिताकडे जायचं ठरवलं.

३

दादाच्या डोक्यावर, म्हणजे वरच्या मजल्यावर, पार्लरवाली राहायची. ती भाडेकरू होती, वरच तिचं ब्युटी पार्लर चालायचं, आणि सकाळपासून तिथे केस धुतले जायचे. इतकं गरम पाणी लागणारी बाई आणि खाली गरम पाण्याचा दुष्काळ, हे आत्याला फार सोयीचं वाटलं. शिवाय पार्लरवालीला खालचा मजला हवा होता, हे सूनबाईंनीच फोनवर सांगितलं होतं.

"हवाय ना," पार्लरवालीने आडपडदा न ठेवता सांगितलं. तिच्यापुढे एक बाई डोक्याला फेस लावून डोळे मिटून बसली होती. "माझ्या निम्म्या गिऱ्हाइकांचे गुडघे दुखतात. जिने चढून येतात आणि मला शिव्या देतात. पण म्हणून मी काकांना हुसकून लावीन? मावशी, माझी आईसुद्धा काकांएवढीच आहे."

"तुमचं गरम पाणी कुठून येतं?"

"माझा गिझर वेगळा, नळ्या वेगळ्या. गच्चीवरची टाकी तेवढी एक." तिने हातातला शॉवर आत्याच्या तळहातावर धरला. पाणी छान गरम होतं. "आणि चोरायचंच असतं तर काकांचं कोमट पाणी कशाला चोरू?"

आत्या हात पुसून जायला वळली तेव्हा पार्लरवालीने आवाज खाली आणला. फेसवाल्या बाईने डोळे मिटूनच कान टवकारले.

"एक सांगू? तुमचा भाचा यायचा असला की आदल्या दिवशी खाली मागच्या खोलीत आदळआपट चालते. काहीतरी ओढल्याचा, काहीतरी झाकल्याचा आवाज. मी एकदा विचारलं, काका, मदत करू का? तर म्हणाले, कसली मदत, मी तर झोपलो होतो. आता झोपेत कोण टेबल ओढतं?"

"भाच्याला सांगितलंत हे?"

"सांगितलं ना. तेव्हापासून तर त्यांची खात्रीच पटली." पार्लरवालीचा चेहरा उतरला. "मी आपली काळजीपोटी बोलले होते हो."

४

आत्या खाली आली तेव्हा गिझरवाला गेलेला नव्हता. त्याच्यातल्या कारागिराला आता राहवत नव्हतं. तो गिझरखाली उभा राहून डोकं खाजवत होता.

"ताई, एक गंमत करून बघू. हा कॉक बघा. गच्चीवरचं थंड पाणी गिझरमध्ये शिरतं ते इथून. हा बंद केला की टाकीत पाणी येणार नाही. आत आलं नाही तर बाहेर पडणार नाही. म्हणजे गरम नळ सोडला तर?"

"थोडं पाणी येऊन थांबेल."

"थांबायलाच हवं."

त्याने कॉक करकचून बंद केला आणि गरम नळ सोडला. पाणी आलं. दोघं बघत राहिली. पाणी येतच राहिलं. बादली भरली, वाहायला लागली, आणि पाणी तर आता पूर्वीपेक्षाही गार होतं.

"हे कुठून येतंय?" आत्या पुटपुटली. तिच्या अंगावर काटा आला, पण तो भीतीचा नव्हता. वर्गात मागच्या बाकावर कागदाची कुजबुज ऐकू आली की तिला असंच व्हायचं.

"गिझरमधून तर नाहीच," गिझरवाला म्हणाला. त्याचे डोळे चमकायला लागले होते. "कुठेतरी थंड नळी आणि गरम नळी एकमेकींना भेटल्यात. थंड पाणी तिथून गरम नळीत घुसतंय. गिझरमधून यायची वाट अरुंद, क्षाराने भरलेली. ही चोरवाट मोकळी. पाणी मोकळ्या वाटेनेच येणार."

"म्हणजे गिझर निर्दोष."

"गिझर बिचारा तापवून तापवून थकला असेल. आपण गरम नळ सोडला की त्याचं कढत पाणी आणि चोरवाटेचं गार पाणी वाटेतच मिसळतं."

न्हाणीघरात गरम-थंड एकत्र होणारा नळ नव्हता. स्वयंपाकघरात एक होता, तो त्याने खालून बंद करून बघितला, फरक पडला नाही. मग तो गरम नळीवर हात ठेवून भिंतीभिंतीने चालू लागला, आत्या त्याच्या मागे. नळी न्हाणीघरातून निघाली, ओट्याखालून गेली, तिथे तिला एक फाटा फुटला, आणि तो फाटा फडताळामागून सरळ भिंतीत घुसला.

"पलीकडे काय आहे?"

"मागची खोली. पूर्वी तिथे कपडे धुवायचे." आत्या वळसा घालून त्या दारापर्यंत गेली. दाराला कुलूप होतं, चांगलं तेलपाणी केलेलं. दाराच्या फटीतून व्हिनेगरसारखा आंबूस वास येत होता. ती नाक फटीजवळ नेऊन वाकली होती, तेवढ्यात मागून आवाज आला.

"तिथे काही नाही."

दादा फिरून परत आला होता. आत्याने त्याच्याकडे बघितलं. कॉपी न करणारा मुलगा पेपरकडे बघतो, करणारा पर्यवेक्षकाकडे. दादा कुलपाकडे बघत नव्हता, गिझरवाल्याकडे बघत नव्हता. तो एकटक आत्याकडे बघत होता.

"अडगळ आहे. किल्ली हरवली," तो म्हणाला, आणि हात खिशात घातले. पण घालण्याआधी आत्याला त्याची बोटं दिसली. नखांच्या कडा तपकिरी झाल्या होत्या.

५

शनिवारी भाचा आणि सूनबाई नाश्त्याच्या वेळेला आले. येताना सूनबाईंनी सासऱ्यांसाठी नवी चादर, नवा कंगवा, नवी चप्पल असं सगळं एका पिशवीत भरून आणलं होतं. पिशवी दाराशी ठेवली तेव्हा दादाने तिच्याकडे एकदाच बघितलं.

"बॅग नंतर भरा," आत्या म्हणाली. "आधी न्हाणीघरात चला. दादा विसरत नाही. पाणी खरोखर गार येतं, आणि मी साक्षीदार आहे."

तिने गिझरवाल्यालाही बोलावून ठेवलं होतं. सगळे दाटीवाटीने दारात उभे राहिले. आत्याने मोठ्या ऐटीत गरम नळ सोडला, हात खाली धरला आणि किंचाळून मागे ओढला.

पाणी कढत होतं. वाफा निघत होत्या. गिझरवाल्याने घाईने कॉक बंद केला, तर नळ दोन आचके देऊन थांबला, शहाण्या मुलासारखा.

"काल थांबला नव्हता!" गिझरवाला म्हणाला. "शप्पथ! ताईंना विचारा."

सूनबाईंनी आत्याच्या लाल झालेल्या हातावर गार पाणी ओतलं आणि मग अगदी हळू, अगदी मायेने विचारलं, "आत्या, तुमची तब्येत बरी असते ना अलीकडे?"

आत्याला तो प्रश्न झोंबला. भावाने एवढे महिने काय सोसलं हे तिला त्या एका प्रश्नात कळलं. कुणी रागावत नाही, कुणी खोटं पाडत नाही, फक्त सगळे तुमच्याशी हळू आवाजात बोलायला लागतात.

दादाने तोवर पिशवी उचलली होती. "चला," तो म्हणाला. "उगाच उशीर नको."

"थांब," आत्या म्हणाली. "तुम्ही सगळे बाहेरच्या खोलीत बसा. मला माझ्या भावाशी बोलायचंय."

६

ओट्याशी दोघंच उरली. बाहेर कुणीतरी खुर्ची सरकवली.

"काल चोरवाट होती, आज नाही," आत्या म्हणाली. "मधल्या वेळात घरात एकच गोष्ट घडली. काल दुपारी पोराचा फोन आला, नाश्त्यापर्यंत पोहोचतो म्हणून, आणि तिन्हीसांजेला तू मागच्या खोलीत आदळआपट केलीस. मी ऐकली. किल्ली हरवली होती ना?"

दादाने पिशवी ओट्यावर ठेवली.

"कळवून येणाऱ्याला पाणी गरम मिळतं, कारण तू त्याच्या आधी खोली आवरतोस. मी न कळवता आले, म्हणून मला गार मिळालं. फोन उचलत नाहीस, कारण काम अर्धवट टाकून अंधारातून उठता येत नाही. दुपारी काय केलंस ते आठवत नाही म्हणतोस, कारण सांगायचं नसतं. दादा, विसरणं आणि लपवणं बाहेरून अगदी सारखं दिसतं रे. व्हिनेगरचा वास, तपकिरी नखं. तू स्टुडिओत होतास तेव्हा तुझी नखं अशीच असायची."

दादाचा फोटो स्टुडिओ होता, बाजारपेठेत, फिल्मच्या जमान्यातला. दोन वर्षांपूर्वी त्याला धाप लागून दवाखान्यात ठेवावं लागलं. डॉक्टर म्हणाले, बंद खोलीत त्या रसायनांच्या वाफा पुरे झाल्या. तिथेच, खाटेवर, मुलाने त्याच्याकडून वचन घेतलं होतं की सगळं सामान विकून टाकायचं.

"विकलं नाहीस," आत्या म्हणाली.

"गिऱ्हाईक नव्हतं," दादा म्हणाला. मग स्वतःशीच मान हलवली. "शोधलंच नाही."

"पण पाणी का गार होतं ते तुला माहीत होतं?"

"नाही गं!" त्याने झटकन वर बघितलं, आणि हे खरं होतं, आत्याला त्यात तिळमात्र शंका वाटली नाही. "फोटो धुवायला पाणी नेमकं लागतं. ना गार, ना गरम. थर्मामीटर धरून दोन्ही नळ केसाकेसाने फिरवत बसायचं. एकदा जुळलं की नळांना हात लावायचा नाही, हा आमचा नियम. दोन्ही नळ तसेच उघडे ठेवायचे आणि त्यांना जोडलेल्या एकाच रबरी नळीच्या टोकाला चाप असतो, तो बंद करायचा. पाणी बंद ते बंदच ना?"

"टोकाला बंद. पण मागे दोन्ही उघडे नळ एकमेकांना जोडलेलेच. तीच चोरवाट."

दादा तोंडात बोट घालून बघत राहिला. "स्टुडिओत आयुष्यभर असंच केलं. तिथे कधी..."

"तिथे कुणी आंघोळ करत नव्हतं."

त्याला हसू आलं आणि लगेच विरलं. त्याने बाहेरच्या खोलीच्या दिशेने बघितलं.

"तू सांगू नकोस," तो म्हणाला. "ते दार उघडलं तर सगळं भंगारात जाईल."

"आणि नाही उघडलं तर तू जाशील." आत्याने त्याचा हात धरला. तिला रडू येत होतं आणि रागही. "मी नाही सांगणार. पण वेडा ठरून तिथे बागेत बसायला तू तयार झालास? खोटं पकडलं जाऊ नये म्हणून?"

"मला दोन्ही वाटत होतं," दादा म्हणाला. "खोली लपवतोय हे कळत होतं. पण पाणी गार का, हे कळत नव्हतं. मग वाटायचं, एक गोष्ट तर खरंच निसटतेय हातातून. एक निसटली की बाकीच्याही निसटणार. त्यापेक्षा आपणहून गेलेलं बरं."

बराच वेळ त्याने ओट्यावरचा एकच डाग अंगठ्याने घासला. मग सदऱ्याच्या आत हात घालून गळ्यातला दोरा बाहेर काढला. दोऱ्याला किल्ली होती.

७

मागच्या खोलीचं कुलूप निघालं तेव्हा आधी भाचा चिडला, आणि चिडायचा त्याला हक्कच होता.

"बाबा, तुम्ही मला वचन दिलं होतं! तुम्हाला श्वास घेता येत नव्हता तेव्हा मी तिथे उभा होतो. तुम्ही नाही, मी बघत होतो ते!"

"हो," दादा म्हणाला. "चुकलं माझं. वचन द्यायला नको होतं. पाळता येणार नव्हतं."

"आणि इकडे आम्ही..." भाच्याचा आवाज फाटला. "आम्हाला वाटलं तुम्ही चाललात."

दादा झाकलेल्या टेबलाकडे गेला, चादर काढली, कोपऱ्यातून रबरी नळी ओढली, दोन्ही नळांना जोडली. थर्मामीटर धरून नळ केसाकेसाने फिरवले. मग टोकाचा चाप दाबून बंद केला आणि मुलाला म्हणाला, "आता जा. न्हाणीघरातला गरम नळ सोड."

भाचा गेला. पाण्याचा आवाज आला. आणि मग चाळिशीच्या त्या माणसाची आरोळी आली, क्रिकेटची मॅच जिंकल्यासारखी. "गार! बाबा, गार आहे! बर्फ आहे नुसता!"

सूनबाई दारातच उभ्या होत्या. त्या पदराने डोळे पुसायला लागल्या. खोली बघून ठेवली होती त्यांनीच, चादर आणली होती त्यांनीच, आणि तो गार नळ ऐकून सगळ्यात जास्त सुटका झाली तीही त्यांचीच.

मग तह ठरला. गिझरवाल्याने गरम नळीवर पाणी उलट जाऊ न देणारी झडप बसवायची. वाफ बाहेर ओढणारा मोठा पंखा, त्याच्याशिवाय काम नाही. तोंडावर मास्क, आणि दाराला यापुढे कुलूप लावायचं नाही. दादाने प्रत्येक गोष्टीला मान डोलावली. वृद्धनिवासाला फोन भाच्याने स्वतः केला, आणि आत्याने तो कान देऊन ऐकला.

खोलीत एका दोरीवर काल घाईत विसरलेले फोटो वाळत होते. स्टुडिओत लोक फोटो काढून गेले आणि न्यायला कधी आलेच नाहीत, त्यांच्या जुन्या निगेटिव्हवरून काढलेले. सूनबाई एकेका फोटोपुढे थांबायला लागल्या.

"हे कोण?"

"हा कोट त्याचा नाही. माझा आहे. नोकरीच्या अर्जाला फोटो हवा होता, त्याच्याकडे कोट नव्हता. बाह्या लांब होत्या म्हणून हात मागे घ्यायला लावले."

"आणि ही?"

"हिला हसायचं नव्हतं. पुढचा दात नुकताच पडलेला. मी मुद्दाम कॅमेरा उलटा धरला, तेव्हा हसली. बघ, दिसतोय दात नसलेला."

भाचाही येऊन उभा राहिला. दादा सांगत गेला, हा कुठे बसला, ती काय बोलली, कुणाच्या चष्म्याला काच नव्हती. गिझरवाला पाना हातात धरून ऐकत होता, त्याला कामाची आठवण राहिली नव्हती. दोरीच्या टोकाला शेवटचा फोटो होता. एक माणूस आणि एक बाई, बाकावर, मध्ये थोडं अंतर ठेवून.

"हे दोघं कोण, बाबा?" सूनबाईंनी विचारलं.

दादाने फोटो हातात घेतला. जवळ धरला, लांब धरला, उजेडाकडे नेला. आत्याने श्वास धरला, आणि तिच्या लक्षात आलं की भाच्यानेही धरलाय.

"नाही आठवत," दादा म्हणाला. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा त्याने हे शब्द न घाबरता उच्चारले होते. "चेहरे बरे आहेत. पण नाही आठवत."

"राहू द्या," सूनबाई म्हणाल्या, नेहमीच्या आवाजात. "चिमटा द्या इकडे, मी लावते."